दुसरा गिअरबॉक्स आणि पेराएवढी गोळी

ज्यांना हा भाग कानात हेडफोन घालून ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलताना जे राहून गेलं तेही थोडं घातलंय.

आजचा विषय जरा तेलकट आहे. एखाद्या पिकअपला, तिच्या मूळ गिअरबॉक्सच्या मागे, आणखी एक गिअरबॉक्स बसवायचा. का बसवतात, ही कल्पना कुठून आली, आणि बसवताना माणसं काय विसरतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी थारमध्ये मुख्य गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा पाहिला असेल. त्यावर '४एल' लिहिलेलं असतं. त्या दांड्याचा इतिहास, असं म्हणा हवं तर. आणि त्यात आमच्या घरची एक गोष्ट आहे, ती मी आजवर माइकवर सांगितली नव्हती.

आमचं गाव नरसिंहपूर. नीरा नरसिंहपूर म्हणतात, कारण नीरा आणि भीमा इथे एकत्र येतात. इंदापूर तालुक्याचं आणि पुणे जिल्ह्याचं हे शेवटचं टोक. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा. लक्ष्मी-नरसिंहाचं मंदिर अनेकांचं कुलदैवत, त्यामुळे तुमच्यातले काही जण आई-बाबांबरोबर येऊनही गेले असतील. पण पाहुणे घाट उतरतात, दर्शन घेतात आणि जातात. आम्हाला मात्र नदीकाठच्या रानातून माल वर काढायचा असतो. खाली मळईची जमीन, वर रस्ता, आणि मधे उभा चढ. पाऊस पडून गेला की त्या चढावर नुसता माणूस घसरतो, गाडीचं तर विचारूच नका.

चढावर ओझं न्यायचं असेल तर माणसाने पूर्वीपासून दोन उपाय केलेत. पहिला म्हणजे जादा ताकद लावणे. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. ती पाटसच्या पुढे रोटी घाटात आली की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. घाट संपला की त्या सोडतात. रेल्वेनेही तेच केलं. बोर घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तिथला सगळ्यात तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. तेव्हा कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ती लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात.

दुसरा उपाय म्हणजे ताकद तेवढीच ठेवायची आणि वेग सोडायचा. विहिरीवरचा रहाट, उसाचा चरक, सायकलचा मागचा मोठा दातरा, सगळे याच जातीचे. लहान चाक जास्त फिरवायचं, मोठं चाक कमी फिरवायचं, आणि कमी फिरण्याच्या बदल्यात जोर मिळवायचा. फुकट काही मिळत नाही. जेवढा जोर वाढला, तेवढा वेग गेला.

हा दुसरा उपाय मोठ्या प्रमाणावर बघायचा तर लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, त्याचं पुढे गाव झालं. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिथून डॉज आणि फार्गोचे ट्रक रस्त्यावर आले. वालचंदनगरच्या कारखान्याने नंतर साखर कारखान्यांची यंत्रं आणि मोठमोठे गिअर बनवले. साखर कारखान्यात वाफेचं टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे फिरतं आणि ऊस पिळणारा रोलर मिनिटाला चार-सहा फेरे. या दोघांच्या मधे जे बसलेलं असतं ते गिअरच. तो गिअरबॉक्स काँक्रीटच्या पायावर बोल्ट ठोकून बसवलेला असतो. पिकअपला असा पाया नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गाडीकडे येऊ. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर बनली. इंजिन साधारण २० हॉर्सपॉवरचं. पुढे जायचे गिअर फक्त दोन! चढ फारच उभा असला तर लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायचे. एक तर रिव्हर्स गिअर पहिल्यापेक्षाही जोरकस होता, आणि दुसरं म्हणजे पेट्रोल पंपाने नाही तर टाकीतून उताराने इंजिनात यायचं. नाक वर केलं की इंजिनाला पेट्रोलच मिळेना.

१९१७ मध्ये फोर्डने याच गाडीचा एक टनी ट्रक काढला. तोच दोन गिअरांचा संसार, आणि वर एक टन ओझं. तेव्हा अमेरिकेत बाहेरच्या कंपन्यांनी जादा गिअरबॉक्स विकायला सुरुवात केली. वॉरफर्ड नावाचा डबा मूळ गिअरबॉक्सच्या मागे बसायचा. रक्स्टेल नावाचा प्रकार थेट मागच्या एक्सलमध्ये बसायचा. शेतकरी ते विकत घ्यायचे, मधला शाफ्ट कापून आखूड करायचे आणि डबा बसवायचे. दोन गिअर गुणिले दोन, झाले चार. गुणिले तीन, झाले सहा. जादा गिअरबॉक्सचं सगळं गणित या एका गुणाकारात आहे.

पण एक गोम होती. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हता, तो मूळ गिअरबॉक्सच्या आत होता. म्हणजे ब्रेक दाबला की गिअरबॉक्स धरला जायचा, त्याने शाफ्ट धरला जायचा, आणि शाफ्टने चाकं. आता या साखळीच्या मधोमध तुम्ही दुसरा डबा बसवला. उतारावर तो डबा चुकून न्यूट्रलमध्ये गेला तर? इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे. पायाचा ब्रेक दाबा, नाहीतर त्याच्यावर उभे राहा, चाकांना काही कळतच नाही. उरायचा तो हातब्रेक, आणि तो चाकांवर असला तरी दुबळा होता. म्हणून जादा गिअरबॉक्स बसवणाऱ्याने मागच्या चाकांना बाहेरून जादा ब्रेकही बसवावेत, असं जाणकार सांगायचे. काहींनी बसवले. ज्यांनी पैसे वाचवले, त्यांचं नशीब त्या उतारावर ठरलं.

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. जादा गिअरबॉक्स फक्त जोर वाढवत नाही. जोर कुठून कुठे जातो तो रस्ताच बदलतो. आणि त्याच रस्त्यावर कुठेतरी ब्रेक उभा असतो.

पुढचा टप्पा १९४०. अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. त्यांनी ज्या अटी घातल्या त्यात दोन वेगांचा ट्रान्सफर केस ही एक अट होती. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा तो दुसरा डबा. तो दोन कामं करतो. एक, जोर पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटतो. दोन, 'लो' टाकला की सगळ्या गिअरांचा जोर आणखी वाढवतो. म्हणजे जो डबा शेतकरी बाजारातून आणून बसवत होता, तो आता कारखान्यातूनच बसून आला. विलीज आणि फोर्डने मिळून युद्धात अशा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

भारतात त्या आल्या मुंबईमार्गे. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र हे भाऊ आणि गुलाम मोहम्मद यांनी एक कंपनी काढली, 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. दशक संपता संपता माझगावात विलीज जीप जोडायचं काम सुरू झालं. उंच बॉनेटची जी जीप आपण जुन्या सिनेमांत फौजदाराच्या हाताखाली बघतो, ते रूप पुढे अनेक दशकं इथे टिकलं. आत तीन दांडे. एक नेहमीच्या गिअरचा, दुसरा पुढचा एक्सल जोडायचा, तिसरा हाय-लोचा.

आकडे बघा. या विलीजचा पहिला गिअर २.७९८, मागच्या एक्सलमधला क्राऊन-पिनियन ५.३८. गुणाकार करा, साधारण १५ येतात. म्हणजे इंजिन १५ वेळा फिरलं की चाक एकदा. आता लो टाका. ट्रान्सफर केसचा लो २.४६. गुणाकार गेला ३७ वर. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असलं तरी गाडी ताशी ७ किलोमीटरनेच जाते, म्हणजे माणूस भराभर चालतो तेवढी. पण जोर अडीचपट.

आणि इथे त्या इंजिनिअरांनी एक शहाणपण केलं होतं. त्या डब्यात, दोन दांड्यांच्या सळ्यांच्या मधे, धातूचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा, बोटाच्या पेराएवढा. मिस्त्री लोक त्याला गोळी म्हणतात. या गोळीचं काम एकच. पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो पडू द्यायचा नाही. का? साधं गणित आहे. ३७ चा जोर दोन एक्सलमध्ये वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १८ येतो, म्हणजे नेहमीच्या १५ पेक्षा थोडाच जास्त. तोच ३७ एकट्या मागच्या एक्सलवर टाकला तर तो त्याच्या कुवतीच्या बाहेर जातो.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. १९९० च्या दशकात त्यांच्याकडे एक जुनी डिझेल पिकअप होती. मागे हौदा, आणि फक्त मागच्या चाकांना जोर. नदीच्या रानातून वर येताना ती निम्म्यात बसायची. मग खालून आम्ही पोरं ढकलणार, नाहीतर कुणाची तरी बैलजोडी मागून आणणार. तात्यांना त्याचा फार राग यायचा. शेवटी एका मिस्त्रीने सांगितलं की भंगारात निघालेल्या जीपचा ट्रान्सफर केस आहे, तो बसवून देतो.

काम तीन-चार दिवस चाललं. मी शाळा बुडवून बघत बसायचो. पायाखालचा पत्रा कापला. गिअरबॉक्सच्या मागे डबा बसवला. शाफ्ट कापून, आखूड करून वेल्डिंग केला. त्या डब्याचा मागचा शाफ्ट मध्यावर नसतो, उजव्या बाजूला असतो, म्हणून मागचं हाउसिंगही त्याच भंगार जीपचं घातलं. पुढच्या बाजूला एक्सल साधाच, तिकडे जोर द्यायचाच नव्हता, म्हणून तिथलं तोंड बंद करून टाकलं. हँडब्रेकही त्या डब्याबरोबर आलेलाच ठेवला. दांडा एकच, हाय-लोचा.

पण लो पडेना. कसा पडणार? पुढचा एक्सल जोडलेलाच नव्हता. मिस्त्रीने डबा परत उघडला, आतून ती गोळी काढली, फडक्याला पुसली आणि तात्यांच्या तळहातावर ठेवली.

"तात्या, ही काढली की लो पडतोय बघा. पण टाकून देऊ नका, जपून ठेवा."

लो पडला. आणि गाडी काय चढली म्हणता! नदीच्या चढावर मुंगीसारखी, न थांबता, न ढकलता. तात्यांनी त्या आठवड्यात उगाचच चार खेपा जास्त केल्या. गावातले लोक वाकून खाली बघायचे आणि विचारायचे, तात्या, किती खर्च आला?

जानेवारीत सुरू लागणीचं बेणं वर न्यायचं होतं. हौद्यात उसाच्या मोळ्या, दीड टन तरी असतील. ओढ्यातून गाडी काढल्यामुळे ब्रेकचे ड्रम ओले. माझं काम ठरलेलं, हातात दगड घेऊन मागून चालायचं आणि गाडी थांबली तर चाकामागे लावायचा. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. निम्म्या चढावर समोरून बैलगाडी आली, म्हणून तात्या थांबले. मी दगड लावला. गाडी गेली, मी दगड उचलला, तात्यांनी लो पहिला टाकून क्लच सोडला आणि टण्ण असा आवाज आला.

इंजिन चालू होतं. चाक पुढे जात नव्हतं. मग ते मागे यायला लागलं.

तात्यांनी हँडब्रेक ओढला. त्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार? तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. शाफ्ट धरला की एक्सल धरला जातो आणि एक्सलने चाक. पण आमचा उजवा एक्सल आतून तुटला होता. एका बाजूचा एक्सल तुटला की डिफरन्शियल त्या तुटक्या बाजूलाच फिरतं, दुसऱ्या चाकालाही कुणी धरत नाही. म्हणजे गिअरने धरायचं गेलं आणि हँडब्रेकने धरायचंही गेलं, एकाच तुकड्यापायी. उरला पायाचा ब्रेक, तो ओला.

मी दगड टाकला. चाक दगडावर चढून पलीकडे आलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. माझ्या थोरल्या चुलत बहिणीने, ताईने, माझी कॉलर धरून मला बाजूला खेचलं. गाडी वाकडी होत मागे गेली आणि बाभळीवर आदळून थांबली. तात्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. बेणं सगळं उतारावर पसरलं. ती बाभूळ नसती तर खाली नदी होती. ताई नसती तर हा भाग ऐकवायला मी नसतो.

नंतर गावात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं भंगारातला एक्सल, दुसरं काय होणार. मिस्त्री म्हणाला माल जास्त भरला. तात्या म्हणायचे, क्लच मीच झटक्यात सोडला. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण गोळीचं नाव कुणीच काढलं नाही, कारण ती कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांच्या लेखी ती लो पडू न देणारी एक अडचण होती.

मलाही हे या भागाची तयारी करताना कळलं. जुन्या जीपच्या आकृत्या बघत होतो आणि दोन सळ्यांच्या मधे ती कॅप्सूल दिसली. मी थबकलोच. पुढचा एक्सल जोडलेला असता तर जोर वाटला गेला असता. आणि मागचा तुटला असता तरी गिअरने आणि हँडब्रेकने पुढच्या चाकांमधून गाडी धरून ठेवली असती. गोळी काढली तेव्हा आम्ही या दोन्ही गोष्टी एकदम काढल्या होत्या. १९२० च्या दशकात मॉडेल टीवाल्यांना उतारावर जे कळलं, तेच आम्हाला नरसिंहपूरच्या चढावर कळलं. सत्तर वर्षांनी.

मी काही मिस्त्रीला दोष द्यायला बसलेलो नाही. त्याने लपवलं काहीच नाही, उलट ती वस्तू मालकाच्या हातात दिली. आपल्याकडे असे हजारो हुशार हात आहेत, त्यांनी नसलेल्या पार्टातून गाड्या चालत्या ठेवल्या. पण ज्याने डबा मुळात बनवला त्याने तो तुकडा तिथे का ठेवला, ही माहिती डब्याबरोबर भंगारात येत नाही. डबा येतो, कारण येत नाही.

आज कायदाही यावर स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या मूळ रचनेत, कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाला सोडून बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. तुमच्या रीलमध्ये कुणी घरच्या घरी गिअरबॉक्स बसवताना दिसला तर हेही माहीत असू द्या. विमा कंपनीला तर ते नक्कीच माहीत असतं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी तीन प्रश्न विचारा. वाढलेला जोर कोणकोणत्या पार्टातून जाणार आहे? त्यातला सगळ्यात कमजोर पार्ट कोणता? आणि तो चढावर तुटला तर गाडीला धरणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर गाडी निम्म्यात बसलेलीच बरी. ढकलायला माणसं मिळतात.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत, गाडी केव्हाच विकली. मी त्यांना आकृती मोबाइलवर दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठले, देव्हाऱ्याखालच्या पितळी डब्यातून काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तीच गोळी. जरा गंजलेली.

मी विचारलं, "तात्या, ही अजून ठेवली तुम्ही?"

"त्यो म्हणला हुता जपून ठेवा," तात्या म्हणाले. "म्या जपून ठेवली. कुठं ठेवायची ते त्यानं सांगितलंच न्हाई."

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरी, गॅरेजमध्ये किंवा शेतावर अशी काढून ठेवलेली एखादी वस्तू असेल तर ती मूळ कशासाठी होती ते शोधा आणि मला आवाज पाठवून कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर चढावर जपून.